फलासक्ती आणि सैनिकी महाविद्यालयाचा बास्केटबॉल संघ

सैनिकी महाविद्यालयाचा बास्केटबॉल संघ हा धर्मचिंतनाचाही विषय आहे. युद्धात दुसरा क्रमांक नसतो, हे तिथल्या मुलाला सकाळी कवायतीच्या मैदानावर शिकवतात. संध्याकाळी त्याच मुलाने सामना हरल्यावर प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवावा, पंचाचा निर्णय मुकाट्याने मानावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला यावे, अशी अपेक्षा असते. जय आणि पराजय सारखे मानायचे, तरीही सर्व बळ लावून लढायचे, हे एका माणसाला जमते का? गीतेने हा प्रश्न रणांगणावर विचारला. बास्केटबॉलच्या कोर्टवर तो लहान आकारात, पण रोज विचारला जातो.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आणि त्याच्या सीमेलगत या प्रश्नाची दोन्ही टोके शेजारीशेजारी सापडतात. लासूर स्टेशन हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचे बाजारपेठेचे गाव गंगापूर तालुक्यात आहे. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी ओलांडली की नेवासे तालुका लागतो. तिथे ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. लासूरहून रेल्वेने पूर्वेला गेले की जिल्ह्याचे शहर येते. मराठी मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी तयार करणारी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था तिथे १९७७ पासून आहे. फळाची आसक्ती सोडा असे सांगणारा ग्रंथ आणि निवडयादीत नाव यावे म्हणून रात्रंदिवस झटणारी मुले एकाच मुलखातली आहेत.

बास्केटबॉलचा जन्मच धर्माच्या प्रश्नातून झाला. जेम्स नेस्मिथ १८६१ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात जन्मले आणि माँट्रियलमध्ये धर्मशास्त्र शिकले. धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या तरुणाने रग्बी आणि फुटबॉलसारखे दांडगाईचे खेळ खेळावेत, हे त्यांच्या जवळच्या अनेकांना रुचत नव्हते. त्या काळी इंग्लंड-अमेरिकेत शरीरबळ आणि ख्रिस्तनिष्ठा एकत्र नांदवू पाहणारा एक विचारप्रवाह जोरात होता. वायएमसीए ही संस्था त्याचे मोठे केंद्र होती. नेस्मिथ मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे या संस्थेच्या प्रशिक्षण विद्यालयात शिकवू लागले. हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ शोधण्याचे काम त्यांचे वरिष्ठ ल्यूथर गुलिक यांनी त्यांच्यावर सोपवले. डिसेंबर १८९१ मध्ये १८ विद्यार्थी नऊ-नऊच्या दोन बाजू करून तो नवा खेळ खेळले. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या होत्या आणि सगळ्या सामन्यात एकच गोल झाला.

नेस्मिथ यांनी लिहिलेल्या १३ नियमांमागे एक नैतिक युक्तिवाद आहे. फुटबॉलमध्ये खेळाडू चेंडू घेऊन पळतो, म्हणून त्याला पाडावे लागते. चेंडू घेऊन पळायलाच बंदी केली, तर पाडण्याचे कारण उरत नाही. गोल जमिनीलगत असला की चेंडू जोराने मारण्याकडे कल होतो. तो डोक्याच्या वर, आडवा ठेवला, तर जोर निरुपयोगी ठरतो आणि चेंडू हलक्या हाताने, कमान धरून सोडावा लागतो. खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाय घालणे हे सर्व फाउल ठरवले. दुसऱ्यांदा फाउल करणारा पुढचा गोल होईपर्यंत बाहेर, आणि कुणाला जाणूनबुजून जखमी करण्याचा हेतू दिसला तर संपूर्ण सामन्यासाठी बाहेर. त्याच्या जागी दुसरा खेळाडूही घ्यायचा नाही. हिंसा करू नका असा उपदेश या नियमांत कुठेच नाही. हिंसेचा फायदाच उरणार नाही, अशी खेळाची रचना आहे. धर्मोपदेशकाने उपदेश टाळून रचना बदलावी, ही या खेळाच्या इतिहासातली सर्वांत विचारप्रवर्तक गोष्ट म्हटली पाहिजे.

हा खेळ शोधणारा माणूस पुढे लष्करात गेला, हेही या विषयाला धरूनच आहे. १९१६ साली नेस्मिथ यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी ते कॅन्सस राज्याच्या पायदळाबरोबर धर्मगुरू म्हणून मेक्सिकोच्या सीमेवर गेले. पहिल्या महायुद्धात वायएमसीएच्या वतीने त्यांनी फ्रान्समध्ये सैनिकांसाठी काम केले. त्याआधी कॅन्सस विद्यापीठात १८९८ ते १९०७ या काळात ते संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले ते एकमेव प्रशिक्षक आहेत. ज्याने खेळ निर्माण केला, त्याला स्वतःच्या नावावरची ही बेरीज-वजाबाकी महत्त्वाची वाटली नाही. खेळ माणूस घडवण्यासाठी आहे, अशीच त्याची धारणा होती.

महाराष्ट्राला हा विचार परका नव्हता. सतराव्या शतकाच्या मध्यात समर्थ रामदासांनी चाफळ, मसूर, उंब्रज, बत्तीस शिराळा अशा गावांत मारुतीची स्थापना केली. त्यांचा मारुती बलवान आहे आणि दासही आहे. त्याचे बळ स्वतःसाठी नसून रामाच्या कामासाठी आहे. बलोपासना या कल्पनेचे मर्म तेच आहे. टिळकांनी कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यास बाजूला सारून शरीर कमावण्यात घालवले. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला सैनिकी शाळा सुरू केली, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना रामदंडी म्हणतात. या परंपरेत आखाडा प्रधान होता. कुस्तीत माणूस एकटा जिंकतो आणि एकटा हरतो. बास्केटबॉलमध्ये पाच जण खेळतात. ज्याने बास्केट केली त्याच्या हाती चेंडू दुसऱ्याने दिलेला असतो. बलोपासनेला सांघिक रूप आले की दास्यभावाचा अर्थही बदलतो. आता स्वामी डोळ्यांसमोर नसतो, शेजारी धावणारा साथीदार असतो, आणि त्याच्यासाठी स्वतःची संधी सोडायची असते.

सैनिकी महाविद्यालयांनी हा खेळ लवकर उचलला. न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट पॉइंट येथे अमेरिकी लष्कराची अकादमी आहे. तिथे बास्केटबॉल आणण्याचे श्रेय जोसेफ स्टिलवेल या छात्राला दिले जाते. १९०४ साली पदवी घेऊन बाहेर पडलेले हेच स्टिलवेल दुसऱ्या महायुद्धात चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर सेनापती होते आणि तेव्हाच्या बिहारमधल्या रामगड येथे चिनी सैन्य तयार करत होते. १९४३-४४ च्या मोसमात वेस्ट पॉइंटचा संघ १५ पैकी १५ सामने जिंकला. त्या वर्षीचा देशातील सर्वोत्तम संघ म्हणून हेल्म्स फाउंडेशनने पुढे त्याची निवड केली. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र तो उतरला नाही. त्या वर्षी बाहेर पडणाऱ्या छात्रांपुढे युद्ध उभे होते. संघाचा कर्णधार एडवर्ड क्रिस्टल १९४५ साली ऑस्ट्रियात लढताना मारला गेला. वेस्ट पॉइंटच्या आजच्या बास्केटबॉल सभागृहाला त्याचे नाव आहे.

एकही सामना न हरलेल्या संघाचा कर्णधार वर्षभराने रणांगणावर पडतो, तेव्हा फळ या शब्दाचा नेमका अर्थ काय, असा प्रश्न उरतो. पंधरा विजय हे फळ मानले, तर ते त्याच्या हाती आले आणि मागेही पडले. खेळाने त्याला जिवंत ठेवले नाही, ठेवणारही नव्हते. खेळातला विजय युद्धातल्या विजयाची रंगीत तालीम असतो, हे सैनिकी शिक्षणातले आवडते विधान इथे लंगडे पडते. खेळ आणि युद्ध यांच्यामधली दरी खरी आहे. खेळात हरलेला माणूस पुन्हा खेळू शकतो. युद्धात नियम मोडणाऱ्याला बाहेर बसवणारा पंच नसतो. म्हणून कोर्टवर शिकलेले युद्धात नेता येईल ते डावपेच नव्हेत. पंच नसतानाही नियम पाळण्याची सवय, एवढेच नेता येते. धर्मयुद्ध या कल्पनेचा आधार तीच सवय आहे.

या सवयीचा भरवसा धरता येत नाही, हेही वेस्ट पॉइंटनेच दाखवले. खोटे बोलायचे नाही, फसवायचे नाही, चोरायचे नाही आणि तसे करणाऱ्याला पाठीशी घालायचे नाही, अशी तिथली आचारसंहिता आहे. १९५१ साली परीक्षेतल्या फसवणुकीवरून सुमारे ९० छात्रांना अकादमी सोडावी लागली. त्यांत अमेरिकन फुटबॉलच्या गाजलेल्या संघातले खेळाडू मोठ्या संख्येने होते. सरावाचा ताण, अभ्यासाचा ताण आणि जिंकत राहण्याची सगळ्यांची अपेक्षा यांतून ती वाट निघाली. फळावर डोळा ठेवला की साधनशुद्धी सुटते, हे गीतेचे भाष्यकार शतकानुशतके सांगत आले. आचारसंहिता भिंतीवर लावलेल्या संस्थेतच त्याचा पुरावा मिळाला.

आसक्ती ओळखणे मात्र सोपे नसते. १९६८ साली बॉब नाइट यांच्या मार्गदर्शनाखाली खेळणाऱ्या वेस्ट पॉइंटच्या संघाला महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धेचे आमंत्रण आले आणि संघाने ते नाकारले. वरवर हा त्याग दिसतो. प्रत्यक्षात त्या स्पर्धेत बलाढ्य संघ होते, आणि न्यूयॉर्कमधील दुसऱ्या स्पर्धेत विजेतेपदाची आशा अधिक होती. म्हणजे नकारामागे फळाचाच हिशेब होता. संघ त्या दुसऱ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत नॉटर डेमकडून हरला. त्यानंतर वेस्ट पॉइंटचा पुरुष संघ त्या राष्ट्रीय स्पर्धेत आजवर एकदाही खेळलेला नाही. त्याच संघात असलेला, १९६९ साली अधिकारी म्हणून बाहेर पडलेला माइक शशेव्स्की पुढे ड्यूक विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरला. एकाच मातीतून दोन वेगळी फळे आली. सोडणे म्हणजे संन्यास असे नाही. सोडण्यामागचा हेतू पाहावा लागतो, ही गीतेच्या अठराव्या अध्यायातली त्यागाची मीमांसा या प्रसंगाला चपखल लागू पडते.

नौदलाच्या अ‍ॅनापोलिस येथील अकादमीतल्या डेव्हिड रॉबिन्सनचे उदाहरण वेगळे आहे. प्रवेशानंतर तो वाढत जाऊन सात फुटांच्या वर गेला. १९८६ साली त्याच्या जोरावर नौदलाचा संघ देशातल्या शेवटच्या आठ संघांत पोहोचला आणि तिथे शशेव्स्कीच्या ड्यूककडून हरला. १९८७ साली व्यावसायिक बास्केटबॉलसाठी सॅन अँटोनिओच्या संघाने त्याला सर्वांत आधी निवडले, पण त्याने आधी नौदलातली सेवा केली आणि १९८९ साली व्यावसायिक कोर्टवर पाऊल ठेवले. उंचीमुळे जहाजावर नेमणूक शक्य नसल्याने त्याची सेवा दोन वर्षांची ठरवण्यात आली होती, हे नोंदवले पाहिजे. तरीही कोट्यवधींचा करार समोर असताना दोन वर्षे गणवेशात काढणे ही लहान गोष्ट नाही. मिळणारे फळ त्याने नाकारले नाही, कर्तव्याच्या पुढे मात्र त्याला जाऊ दिले नाही. निष्काम कर्माची संसारी माणसाला झेपेल अशी आवृत्ती हीच असावी.

पराभवाचे तत्त्वज्ञान सर्वांत खोलवर जिथे मांडले गेले, ते महाविद्यालय म्हणजे साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टन शहरातले द सिटाडेल. १८४२ साली स्थापन झालेल्या या राज्य सैनिकी महाविद्यालयाचा पुरुष संघही राष्ट्रीय स्पर्धेत कधी पोहोचला नाही. १९६६-६७ च्या मोसमात या संघाने आठ सामने जिंकले आणि १७ हरले. त्या संघात पॅट कॉनरॉय नावाचा बुटका, चिवट खेळाडू होता. पुढे तो मोठा कादंबरीकार झाला आणि २००२ साली त्याने त्या हरलेल्या मोसमावर ‘माय लूझिंग सीझन’ हे पुस्तक लिहिले. विजयापेक्षा पराभवाने आपल्याला अधिक शिकवले, हे त्याचे म्हणणे आहे. पण याच लेखकाने ‘द लॉर्ड्स ऑफ डिसिप्लिन’ या कादंबरीत सैनिकी महाविद्यालयातील नव्या मुलांच्या छळाचे भीषण चित्र रंगवले आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. पराभव आपोआप कुणाला शहाणे करत नाही. ज्याला हरल्यावर मान खाली घालायला लावतात, अपमान करतात, त्याला पराभव कडवट करतो. कॉनरॉयला शहाणपण आले ते मित्रांमुळे, आणि तीस-पस्तीस वर्षे त्या हारीचा विचार करत राहिल्यामुळे.

इथे गीतेच्या भाष्यकारांकडे वळणे भाग आहे, कारण त्यांनी समत्वाचे केवळ कौतुक केले नाही, ते कसे येते तेही सांगितले. शंकराचार्यांच्या दृष्टीने कर्म चित्तशुद्धीपुरते, मोक्ष ज्ञानाने. ज्ञानेश्वरांनी स्वधर्माचरणालाच ईश्वराची पूजा मानले. पूजेत वाहिलेल्या फुलाचे पुढे काय झाले, हे कुणी विचारत नाही. तसे केलेले कर्म अर्पण झाले की त्याचा हिशेब उरत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहून १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गीतारहस्या’त कर्मयोगाला प्रथम स्थान दिले आणि फलाशा सोडणे म्हणजे फळ मिळू नये असे वाटणे नव्हे, हे ठासून सांगितले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली प्रवचने साने गुरुजींनी उतरवून घेतली. त्यांत बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळते, तेव्हाच कर्माचे ओझे उतरते, असे विवेचन आहे.

या चारांपैकी खेळाडूला सर्वांत जवळचे विनोबांचे स्पष्टीकरण वाटते. फ्री थ्रो टाकणारा खेळाडू चेंडू हातातून सुटेपर्यंतच कर्ता असतो. बोटांच्या टोकावरून चेंडू निघाला की त्याच्या हाती काहीच उरत नाही. त्या क्षणी गुणफलकाकडे लक्ष असलेल्याचा हात कापतो, हे कुठलाही प्रशिक्षक सांगेल. सरावात हजारदा केलेली हालचाल मन लावून पुन्हा करणे, एवढेच करण्यासारखे असते. म्हणजे फळावरचे लक्ष काढून घेणे हा केवळ नैतिक उपदेश नाही; काम चांगले होण्याची ती अटही आहे. आसक्ती सोडली तर सैनिक नीट लढणार कसा, या जुन्या आक्षेपाला इथे एक उत्तर मिळते. ते अपुरे आहे, हेही खरे. खेळाडूपुरते ते चालते. युद्धाचा निर्णय घेणाऱ्या सेनापतीला आणि राज्यकर्त्याला परिणामांची जबाबदारी झटकता येत नाही. त्यांनी समत्वाचा आधार घेतला, तर ते समत्व निष्ठुरपणाचे दुसरे नाव ठरेल.

डॉ. आंबेडकरांचा गीतेवरचा आक्षेप याच ठिकाणी बोचतो. त्यांचे हे लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत ते नंतर आले. आत्मा मरत नाही म्हणून मारण्यात पाप नाही, हा युक्तिवाद कुठल्याही न्यायालयात टिकणार नाही, असे त्यांचे मत होते. स्वधर्म जन्माने ठरतो आणि लढणे हे एका वर्णाचेच काम आहे, या मांडणीवर त्यांचा मुख्य रोख होता. आंबेडकरांनी १९५० साली ज्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले, त्या शहरात हा आक्षेप पुस्तकी नाही. निष्काम कर्म सांगायचे असेल, तर ते कर्म कुणी कुणावर लादले, हे आधी विचारले पाहिजे. ज्याने काम स्वतः निवडले, त्यालाच त्याचे फळ सोडण्याचा अधिकार पोहोचतो. ज्याला निवडच दिली नाही, त्याला फळाची आशा सोड म्हणणे ही लूट आहे.

भारतातल्या सैनिकी शिक्षणाकडे या कसोटीने पाहावे लागते. वायएमसीएनेच हा खेळ भारतात रुजवला. हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला सुरू केलेले शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय त्याचे महत्त्वाचे केंद्र ठरले. पुण्याजवळची खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९४९ साली डेहराडूनला संयुक्त सेवा विभाग म्हणून सुरू झाली, डिसेंबर १९५४ मध्ये खडकवासल्याला आली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचे औपचारिक उद्घाटन झाले. ‘सेवा परमो धर्मः’ हे तिचे ब्रीद. इथे बास्केटबॉलचे स्वरूप अमेरिकेहून वेगळे आहे. छात्र स्क्वाड्रनमध्ये विभागलेले असतात आणि चुरस मुख्यतः स्क्वाड्रन-स्क्वाड्रनमध्ये असते. तिकिटे काढून आलेले प्रेक्षक नाहीत, दूरचित्रवाणीचे करार नाहीत, व्यावसायिक संघाची वाट नाही. तीन वर्षे खेळलेला छात्र पुढे भूदल, नौदल किंवा हवाई दलाच्या अकादमीत जातो आणि त्याच्या बास्केट कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. फलासक्ती सुटण्यासाठी याहून अनुकूल मैदान शोधून सापडणार नाही.

आंबेडकरांच्या कसोटीला इथली प्रवेशपद्धतीही बऱ्याच अंशी उतरते. संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी यांतून होणारी निवड जातीवरून ठरत नाही. गंगापूर तालुक्यातला शेतकऱ्याचा मुलगा दहावीनंतर संभाजीनगरच्या संस्थेत निवडला गेला, तर दोन वर्षांनी त्याच परीक्षेला बसतो. लढणे हा त्याचा स्वधर्म जन्माने ठरत नाही, तो स्वतः ठरवतो. एक दार मात्र फार काळ बंद होते. सिटाडेलच्या छात्रदलात मुलींना न्यायालयीन लढ्यानंतरच १९९० च्या दशकात प्रवेश मिळाला. खडकवासल्याचे दार २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उघडले. मुलींची पहिली तुकडी २०२२ साली दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी तिच्यातल्या १७ जणी दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या.